दोनशे वीस वेढे

दुकानदार पुडीला दोरा गुंडाळायला लागला की मी आजही मनातल्या मनात वेढे मोजते. एक, दोन, तीन. शाळेत एखाद्या पोरीची वेणी घालताना मोजते, विहिरीवरचा दोर गुंडाळताना मोजते. नवरा म्हणतो, हिला कशाचाही हिशेब लागतो. त्याला काय सांगायचं? ज्या घरात मी वाढले त्या घरात वेढे मोजणं हाच माझा मान होता, आणि तो मान माझ्या वहिनीने येऊन पळवला असं मी कितीतरी वर्षं धरून बसले होते. ती आली त्या वर्षातली ही गोष्ट आहे. तीत मी काही चांगली दिसणार नाही, हे आधीच सांगून टाकते.

आमचं घर इचोड्याला, हमरस्त्यापासून दोन गल्ल्या आत. नागपूरकडून हैदराबादला जाणारे ट्रक दिवसभर धडधडत जायचे आणि एखादा जड भरलेला असला की मांडणीवरच्या वाट्या एकमेकींना लागून किणकिणायच्या. बाबा मंडल ऑफिसात कारकून होते. दफ्तरातले जुने उर्दू शब्द त्यांच्या तोंडी असे बसले होते की घरातली भाजी पसंत पडली तरी ते ‘मंजूर’ म्हणायचे. संध्याकाळी शर्ट खुंटीला अडकवला की ते परसातल्या पत्र्याच्या खोलीत शिरायचे. तिथे ते लाऊडस्पीकरच्या पेट्या बनवत. प्लायवूडचा भुसा, सरसाचा वास, सोल्डरिंगचा धूर, आणि त्या धुरात खोकत बसलेले बाबा. आसपासच्या गावांतले विहार, लग्नं, शाळेचे जलसे, सगळीकडे त्यांच्या पेट्या बोलायच्या. त्यांच्या पेटीतून बोललेलं शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही समजतं, अशी त्यांची ख्याती होती.

पेटीत दोन स्पीकर असतात. मोठा जाड आवाजासाठी, धाकटा बारीक आवाजासाठी. मोठ्याकडे बारीक आवाज जाऊ नये म्हणून त्याच्या वाटेवर तांब्याच्या तारेचं एक वेटोळं बसवतात, ती कॉइल. वेढे कमी पडले तर नको तो आवाज मोठ्या स्पीकरात घुसतो आणि माणूस नाकात बोलल्यासारखा ऐकू येतो. जास्त झाले तर घोंगडी पांघरून बोलल्यासारखा. आठवीत असल्यापासून या कॉइली मी गुंडाळत होते. पंपाच्या मोटारी भरून देणाऱ्या दुकानातून बाबा चकचकीत तार आणायचे, प्लास्टिकच्या पाइपचा चार बोटं लांब तुकडा माझ्या हातात द्यायचे, आणि मी उंबऱ्यावर बसून वेढ्याला वेढा चिकटवत जायचे. तेवढा वेळ घरात कोणी बोलायचं नाही. आईने दादाला हाक मारली तरी बाबा ओठावर बोट ठेवायचे. ‘‘बोलू नका, सुजी मोजून राह्यली.’’ दादा मोठा होता, मुलगा होता, बीएड झालेला होता, पण त्याच्यासाठी घर कधी गप्प झालं नाही. माझ्यासाठी व्हायचं.

पेटी तयार झाली की मुआयना. हा शब्दही ऑफिसातलाच, तपासणीचा. बाबा गाणी लावून पेटी तपासत नसत. ते आईच्या हातात माइक द्यायचे, तिला स्वयंपाकघरात बसवायचे आणि किराण्याची यादी वाचायला लावायचे. स्वतः परसाच्या टोकाला, पेटीकडे तोंड करून, डोळे मिटून. ‘‘ज्वारी, हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, साखर, सोप, हिंग.’’ आई आधी लाजायची, मग ठसक्यात वाचायची. बाबांचं म्हणणं एवढंच होतं की पेटीतून आलेली बाई आपली बायको वाटली पाहिजे. तशी वाटली की ते डोळे उघडून म्हणायचे, ‘‘मिसल बंद.’’ म्हणजे प्रकरण निकाली, पेटी पास. त्या दोन शब्दांसाठी माझा जीव टांगलेला असायचा. मला शाबासकी अशी त्यांनी कधी दिली नाही. मला मिसल बंद पुरायचं.

मग दादाचं लग्न झालं आणि मंचेरियलहून वैशाली वहिनी आली. तिचे वडील कोळशाच्या खाणीच्या ऑफिसात होते. तिने पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता आणि लग्नाच्या पेटाऱ्याबरोबर तिने एक कॉम्प्युटर आणला होता, मैत्रिणींनी मिळून सुटे भाग जोडलेला. दादा भैंशाला मास्तर, शनिवारी येऊन सोमवारी पहाटे जायचा. म्हणजे आठवडाभर ती आमचीच. मला तिचं काय काय खुपायचं ते आठवलं की आता हसू येतं. तिचे केस लांब होते. ती भाजीवालीशी अशी तेलुगू बोलायची की भाजीवाली मूठभर कोथिंबीर जास्त टाकायची. संक्रांतीला तिने तांदळाच्या पिठाचे सकिनालु वळले, एकात एक अशी गोल गोल कडी, तेव्हा आई शेजारणीला बोलावून म्हणाली, ‘‘हात पाहा पोरीचा, एक वळण इकडचं तिकडं नाही.’’ मी सहा वर्षं तार वळत होते, पण शेजारणीला कोणी बोलावलं नव्हतं.

तरी हे सगळं मी गिळलं असतं. पण एका रविवारी ती परसातल्या खोलीत आली, माझ्या जुन्या कॉइलींची टोपली पाहिली आणि बाबांना म्हणाली, ‘‘मामाजी, ह्या कॉइली मोजता येतात कॉम्प्युटरवर.’’ बाबांनी चष्मा वर केला. मी म्हणाले, मोजलेल्याच आहेत. ती म्हणाली, ‘‘वेढे नाही ताई. कॉइल आवाजाले किती अडवते, थे.’’

तिचं सामान पाहून मला वाटलं होतं, एवढंसंच? हेडफोनच्या भोकातून एक वायर, माइकच्या बाजूला दुसरी, मध्ये शेंगदाण्याएवढा एक रेझिस्टर, टोकाला दोन चिमटे. कॉम्प्युटर हेडफोनच्या भोकातून जाड आवाजापासून बारीकपर्यंत सगळे आवाज कॉइलमध्ये सोडतो, आणि रेझिस्टरच्या अल्याड-पल्याड किती पोचलं ते ऐकून कॉइलचा अडथळा पडद्यावर रेघ काढून दाखवतो. त्या रेघेवरून सॉफ्टवेअर आकडा सांगतं, मिलिहेन्रीमध्ये. दर वेळी मोजण्याआधी ती चिमटे मोकळे सोडून दोन्ही बाजू सारख्या करून घ्यायची, कॅलिब्रेशन म्हणायची त्याला, आणि ते इतकं मन लावून करायची की मला तिचा राग यायचा. कॉइल ठेवायला तिने बांबूचं एक पेर कापून फळीवर उभं बसवलं होतं. कॉइल त्या नळीवर चढवायची, म्हणजे ती दर वेळी एकाच जागी आणि टेबलाच्या खिळ्यांपासून लांब. ‘‘जवळ लोखंड आलं ना ताई, का आकडा वाढते. आत घुसलं तर विचारूच नका.’’ हे तिने मला आपण होऊन शिकवलं. नळीच्या तोंडात कुंभारमाशी घर करू नये म्हणून आईने दिलेला कापसाचा बोळा तिने कोंबला होता.

त्या रविवारी तिने माझ्या अकरा कॉइली मोजल्या. मोठ्या पेटीची कॉइल दोनशे वीस वेढ्यांची, तिचा आकडा दोन मिलिहेन्री यायला हवा होता. अकरापैकी चार त्या मापाच्या होत्या आणि चारही दोनला लागूनच आल्या. पडद्यावर रेघ डावीकडून उजवीकडे घाटासारखी चढत होती, आणि दुसऱ्या कॉइलीची रेघ पहिलीवर अशी बसत होती की वेगळी दिसेना. वहिनी माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘ताई, तुमच्या हाताले मानलं मी.’’ आणि बाबा? बाबा पडद्यात तोंड घालून म्हणाले, ‘‘सुजे, पाय वं, तू बरोबर गुंडाळते! मशीन सांगून राह्यली.’’

सहा वर्षं. सहा वर्षं मी बरोबर गुंडाळत होते आणि त्यांना ते मशीनने सांगितल्यावर कळलं. मी स्वयंपाकघरात जाऊन अंबाडी निवडत बसले, देठं पानांत आणि पानं देठांत टाकत.

त्यानंतर घराची रीतच बदलली. मी गुंडाळायची, बाबा मुआयना करायचे, आणि शेवटी ‘वैशाली, जरा पाहून घे’ म्हणायचे. ती दोघं कॉम्प्युटरसमोर डोकं जोडून बसायची. मी मोजत असताना ती दोघं बोलायची, हसायची, आणि कोणी ओठावर बोट ठेवायचं नाही. एकदा तर मी एकशे चाळीसवर चुकले आणि सगळी तार उलगडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

जयंती दोन दिवसांवर आली होती. विहारासाठी बाबांनी त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी पेटी बनवली होती. कॉइल माझी, दोनशे वीस वेढे. सकाळी मुआयना झाला. आईने यादी वाचली, बाबांनी डोळे मिटले, ऐकलं, मान हलवली आणि म्हणाले, ‘‘मिसल बंद.’’ मी अजून त्या शब्दांतच होते तोवर पुढचं आलं. ‘‘कॉइल काढ सुजे, वैशालीले दे मोजाले. जेवण झालं का पाहून घेईन थे.’’

मिसल बंद झाल्यावर उघडायची असते का? मी कॉइल काढली. मनात एकच होतं की एकदा, फक्त एकदा, मशीनने खोटं बोलावं. ती काहीतरी वाकडं सांगेल, बाबा म्हणतील, मी माझ्या कानाने ऐकलं, सुजीच्या हातचं आहे, मशीन गेली उडत. आई नदीच्या बाजूच्या मळ्यात वांगी आणायला गेली होती, वहिनी कपडे वाळत घालत होती. मी चुलीजवळचा बत्ता उचलला. ठेचा कुटायचा वीतभराचा लोखंडी बत्ता, लसणाचा वास लागलेला. बोळा काढला, बत्ता नळीत सोडला, बोळा परत बसवला.

जेवण झाल्यावर वहिनीने कॉइल नळीवर चढवली आणि आकडा आला तीन.

तिने चिमटे काढले, कॅलिब्रेशन पुन्हा केलं, पुन्हा लावले. तीन. ती स्वतःशीच तेलुगूत काहीतरी पुटपुटली. बाबा मागे उभे. ‘‘काय झालं?’’

‘‘मामाजी, जास्त दाखवून राह्यलं. पण ताईचा हात चुकत नाही. मायीच कायतरी चूक हाय. जुनी एखादी कॉइल मोजून पाहू का?’’

मी बाबांच्या ओठांकडे पाहत होते. आता बाबा म्हणणार होते. ते म्हणाले, ‘‘मशीन कशी चुकनं? तिले काय कोणाची भीड हाय का?’’ मग थांबून, हळू आवाजात, ‘‘मी तर सकाळी पास केली हे.’’

जुनी कॉइल मोजायला त्यांनी वहिनीला दिलीच नाही. वेळ नाही म्हणाले. मला म्हणाले, ‘‘सोड सुजे, दोन येईपर्यंत सोड.’’ मी माझ्या हाताने माझे वेढे सोडत गेले आणि वहिनी आकडा वाचत गेली. चाळीस वेढे सुटले तेव्हा पडद्यावर दोन आलं. कॉइल पेटीत बसली. आई नुकतीच आली होती, तिला पुन्हा माइक दिला. ‘‘ज्वारी, हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे.’’

परसाच्या टोकाला मलासुद्धा ऐकू आलं. आई नाक धरून बोलत होती. बाबांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी एक डोळा उघडला, परत मिटला. दोन पावलं पुढे गेले, दोन मागे. ‘‘ही तर नाकात बोलून राह्यली,’’ ते म्हणाले. मग वहिनीकडे पाहिलं. ‘‘मशीन बरोबर म्हणते ना?’’

‘‘दोन दाखवते, मामाजी. पण मले...’’

‘‘मंग बरोबरच असनं. मलेच समजत नाही आता.’’ त्यांनी कानाची पाळी चिमटीत धरून हलवली, रेडिओची खुंटी फिरवावी तशी. ‘‘तुया आत्याबाईचा, माया बायकोचा आवाज ओळखू येत नाही मले. कान गेले माये. यापुढं मुआयना तू करत जाय, वैशाली.’’

परसाच्या टोकाला ते जिथे उभे राहायचे तिथे एक दगड होता. त्यांनी तो पायाने वहिनीच्या बाजूला सरकवला. त्यांची जागा मी तिला माझ्या हाताने घेऊन दिली होती, आणि इतकी अक्कलशून्य होते मी, की त्या क्षणीही मला बाबांची कीव येण्याआधी तिचा हेवा वाटला.

संध्याकाळी जेवताना आईने दोनदा विचारलं, भाकर वाढू का? बाबांनी मान वर केली नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाले, ‘‘ऐकू आलं. बरोबर ऐकलं का नाही, थे पाहून राह्यलो.’’ आई हसली. उठावं, सांगावं, असं वाटलं. पण सांगायचं म्हणजे वहिनीसमोर सांगायचं. ते माझ्याच्याने होईना.

सकाळी आईने ठेच्यासाठी मिरच्या भाजल्या आणि खल पुढे ओढला. ‘‘बत्ता कोठी गेला वं? काल वांगे आणाले गेली तवा इथंच होता.’’ मी म्हणाले, मोरीत पाहते. मोरीत गेले, उगाच भांडी हलवली. तेवढ्यात वहिनी टेबल पुसायला परसातल्या खोलीत गेली. मी धावतच दाराशी पोचले, पण तिने नळी उचलली होती. तिचा हात थबकला. बांबूचं एक पेर एवढं जड नसतं. तिने बोळा काढला, नळी तिरपी केली आणि बत्ता तिच्या तळहातावर घसरत आला. ती त्याच्याकडे बघत राहिली. मी दारात, ती टेबलाशी. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, कशानेच नाही. मग मला म्हणाली, ‘‘ताई, तुमी चहा ठेवता का? मी आलीच.’’

मी चुलीशी गेले. खोलीतून कॉम्प्युटर सुरू झाल्याचा आवाज आला. बराच वेळ ती आत होती. मग बाहेर आली, बत्ता नळावर धुतला, आईच्या पुढ्यातल्या खलात ठेवला आणि ओसरीवर पेपर धरून बसलेल्या बाबांसमोर जाऊन उभी राहिली.

‘‘मामाजी, माफ करा. माया हातून चूक झाली. मोजताना बत्ता नळीत राह्यला होता. लोखंडानं आकडा वाढला. तुमचे कान बरोबर होते. आत्याबाई खरंच नाकात बोलत होत्या.’’

बत्ता तिथे कसा गेला हे बाबांनी विचारलंसुद्धा नाही. आईने तेवढ्यात तोंड उघडलं होतं, वहिनीने तिला नुसती मान हलवून थांबवलं. बाबांचा चेहरा असा उजळला की मला तो पाहवेना. पेपर खाली पडला. ‘‘खरंच का? नाकातच बोलत होती ना? मी म्हणतच होतो!’’ त्यांनी मला हाक मारली. ‘‘सुजे, आण तार. चाळीस वेढे परत चढव. बोलू नका कोणी, सुजी मोजून राह्यली!’’

इतक्या महिन्यांनी ते वाक्य परत आलं आणि माझे डोळे भरून मला तार दिसेना. चाळीस वेढे चढवायला मला दुपार लागली. विहारात त्या पेटीतून म्हाताऱ्या बायांनी वंदना म्हटली तेव्हा बाबा शेवटच्या रांगेत डोळे मिटून उभे होते. मिसल बंद झाली. पण घरी परतताना ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘‘पेटी तर कोणीही करते. पण नवीन सून असून सासऱ्यासमोर उभी राहून माही चूक झाली म्हणणं, याले छाती लागते. मी नसतो म्हणू शकलो.’’ म्हणजे ती कबुलीही तिचीच झाली. चूक माझी, आणि ती कबूल केल्याची शाबासकी तिला. खरं सांगते, नाकात बोलणाऱ्या पेटीपेक्षा मला त्याचा जास्त जाच झाला.

पुढे माझं लग्न झालं, मी शाळेत लागले, पण माहेरी गेले की ती गोष्ट मला ऐकावी लागायची. पाहुणा आला की बाबा सुरू करायचे. ‘‘मायी सून कशी आहे सांगतो.’’ आणि मी त्या पाहुण्याला चहा देत असायचे. कितीदा वाटलं की कप खाली ठेवावा आणि म्हणावं, बाबा, तो बत्ता मी टाकला होता. दर वेळी वहिनी आसपास असायची. दर वेळी मी पुढच्या खेपेवर ढकललं. बाबांचे कान शेवटपर्यंत शाबूत होते. अंथरुणावर असताना रस्त्यावरून गेलेला ट्रक भरलेला की रिकामा, ते नुसतं ऐकून सांगायचे.

ते गेल्यावर परसातली खोली रिकामी करायला मी गेले होते. वहिनी तो जुना कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी त्यातलं सगळं आपल्या लॅपटॉपवर घेत होती. मी तिच्या खांद्यावरून पाहत होते. मोजलेल्या प्रत्येक कॉइलीची फाइल तिने ठेवली होती. मला वाटलं होतं, तिच्या नावाने असतील. ‘सुजाता १’, ‘सुजाता २’, अशा खाली खाली ‘सुजाता ३४’ पर्यंत. आणि मध्ये एक, ‘बत्ता’. तिने ती उघडली. दोन रेघा होत्या, एक माझ्या कॉइलीची, दुसरी त्या पहिलीच्या डोक्यावरून उंच गेलेली.

‘‘त्या सकाळी घालून एकदा मोजली, काढून एकदा,’’ ती म्हणाली. ‘‘खात्री केल्याबिगर मामाजीले कसं सांगावं.’’

मी विचारलं, ‘‘वहिनी, मंग मायं नाव काऊन नाही सांगतलं?’’

तिने फाइल बंद केली. ‘‘थे मी सांगाचं नव्हतं ताई. मी म्हटलं, वेळ घेसान, पण तुमीच सांगसान त्यायले. रोज वाट पायली मी.’’

बाबांना जाऊन तेव्हा चौथा महिना लागला होता.